होलोफर्नीसच्या तंबूतल्या दोघी

फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आर्तेमिझिया जेन्तिलेस्कीचं एक मोठं चित्र आहे. दोन बायका एका दांडग्या पुरुषाला बिछान्यावर दाबून धरून त्याचा गळा चिरताहेत. चित्र पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा दोन प्रश्न विचारतो. एवढं रक्त कशाला? आणि मग, चित्रकार बाई होती हे कळल्यावर : बाईनं काढलंय म्हणून ते असं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं तयार उत्तर सगळीकडे मिळतं. आर्तेमिझियावर तरुणपणी बलात्कार झाला आणि तिनं चित्रातून सूड घेतला. ही गोष्ट ऐकायला पटकन पटते, मनात राहते. तिच्यातली पहिली घटना खरी आहे, कागदोपत्री सिद्ध आहे. पण एवढ्यावर थांबलं तर चित्र नीट बघायचं राहून जातं, आणि एका फार हुशार चित्रकाराचं डोकं, तिचा हात, तिची कारागिरी यांना काही श्रेयच उरत नाही. म्हणून या प्रकरणात आपण उलट्या बाजूनं जाऊ. आधी गोष्ट, मग क्षण, मग उजेड, आणि शेवटी बाईपण.

१. गोष्ट काय आहे?

ज्युडिथ नावाचा एक छोटा ग्रंथ कॅथलिक बायबलच्या जुन्या करारात आहे. ज्यूंच्या धर्मग्रंथांत तो नाही आणि प्रोटेस्टंट बायबलमध्येही नाही. त्यामुळे घरातल्या बायबलमध्ये शोधून तो सापडला नाही, तर ते बायबल कोणत्या पंथाचं आहे ते बघावं. इतिहास म्हणून हा ग्रंथ टिकत नाही. त्यात नेबुखदनेस्सरला अश्शूरचा राजा म्हटलंय आणि तो होता बाबेलचा. गोष्ट म्हणून मात्र ती पक्की बांधलेली आहे.

होलोफर्नीस हा अश्शूरचा सेनापती बेथुलिया या डोंगरी गावाला वेढा घालतो आणि पाणी तोडतो. पाच दिवसांत देवानं मदत केली नाही तर शरण जायचं, असं गावचे पुढारी ठरवतात. ज्युडिथ ही गावातली श्रीमंत, देखणी विधवा. ती पुढाऱ्यांना बोलावून घेते आणि चांगलं फैलावर घेते : देवाला मुदत घालून देणारे तुम्ही कोण? मग वैधव्याची वस्त्रं उतरवून, नटूनथटून, एका दासीला बरोबर घेऊन ती सरळ शत्रूच्या छावणीत जाते.

तिची योजना बारकाईनं आखलेली आहे. आपलं अन्न ती पिशवीत बरोबर नेते. रोज रात्री प्रार्थनेसाठी छावणीबाहेर जायची परवानगी मागून घेते. तीन दिवसांत पहारेकऱ्यांना या दोघींच्या जाण्यायेण्याची सवय होते. चौथ्या रात्री मेजवानीत होलोफर्नीस बेसुमार पितो आणि तंबूत आडवा होतो. ज्युडिथ त्याच्या उशाशी टांगलेली त्याचीच तलवार काढते, केस मुठीत धरते आणि दोन घावांत मुंडकं उडवते. अन्नाच्या पिशवीत मुंडकं घालून दोघी नेहमीसारख्या ‘प्रार्थनेला’ बाहेर पडतात. कोणी अडवत नाही.

एक तपशील इथंच लक्षात ठेवायचा, पुढं तो फार उपयोगी पडेल. ग्रंथात हत्या होते तेव्हा दासी तंबूच्या आतल्या भागात नसते. ज्युडिथनंच तिला बाहेर थांबायला सांगितलेलं असतं.

२. चित्रकारानं कोणता क्षण घ्यायचा?

गोष्ट कितीही लांब असली तरी चित्राच्या वाट्याला तिच्यातला एकच क्षण येतो. तो कोणता घ्यायचा, इथं चित्रकाराचा स्वभाव दिसतो आणि त्याच्या काळाचाही.

सोपं उदाहरण बायबलमधल्या, गोफणीनं दांडग्या शत्रूला मारणाऱ्या दाविदचं घेऊ, कारण ते दगडात आहे आणि रंगांचा गोंधळ मध्ये येत नाही. मायकेलँजेलोनं १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला दाविद उभा आहे. गोफण खांद्यावर, नजर दूर. काहीतरी घडणार आहे, अजून घडलेलं नाही. सुमारे एकशेवीस वर्षांनी, १६२३-२४ मध्ये, बर्निनीनं रोममध्ये दाविद घडवला. तो कमरेत वळलाय, ओठ दाबलेत, गोफण ताणलीय, पुढच्या क्षणाला दगड सुटणार. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण नकळत बाजूला सरकतो. घटना ऐन मध्यावर पकडायची आणि बघणाऱ्याला तिच्या टप्प्यात आणून उभं करायचं, ही बरोक कलेची मुख्य युक्ती. बरोक म्हणजे ढोबळमानानं सतराव्या शतकाची, रोममध्ये उगवून युरोपभर पसरलेली शैली.

ती रोममध्येच का उगवली, याला कारण आहे. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधल्या चित्रांवर आणि मूर्तींवर हल्ला चढवला होता. कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या धर्मसभेत १५६३ मध्ये उत्तर दिलं : चित्रं राहतील, पण ती साध्या भाविकाला समजली पाहिजेत आणि त्याच्या मनाला भिडली पाहिजेत. त्याच धर्मसभेनं १५४६ मध्ये ज्युडिथचा ग्रंथ बायबलचा अधिकृत भाग असल्याचंही ठरवलं होतं. तेव्हा ज्युडिथ ही कॅथलिक चित्रकारांसाठी दोन्ही अंगांनी सोयीची नायिका झाली. दुबळी वाटणारी, देवावर विसंबलेली, आणि शत्रूचं डोकं उडवणारी.

त्याआधीही ज्युडिथची चित्रं होतीच. बोतिचेल्लीची ज्युडिथ, साधारण १४७० ची, काम उरकून हिरव्या माळावरून हलक्या पावलांनी घरी निघालीय. मागून दासी डोक्यावर मुंडकं घेऊन येतेय. बाजारातून परतणाऱ्या दोन मुली वाटाव्यात इतकं ते शांत आहे. बरोक चित्रकारांनी तिला माळावरून परत तंबूत नेलं.

३. एवढा काळोख कशासाठी?

हे समजून घ्यायला एक प्रयोग करून बघा. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा. घरातल्या कोणाला तरी खुर्चीवर बसवा आणि मोबाईलचा टॉर्च त्यांच्या डोक्यापेक्षा वर, डाव्या बाजूनं, तिरका धरा. गालाचं हाड, नाकाचा कणा, खालचा ओठ उजळतील. डोळ्याची खोबण, मानेची एक बाजू, सगळी उजवीकडची रेघ काळोखात बुडेल. ओळखीचा चेहराही एकदम गंभीर, काहीतरी लपवणारा वाटू लागेल. आता उजवीकडून दुसरा दिवा लावा. सावल्या भरून येतात, चेहरा पुन्हा रोजचा होतो, नाट्य संपतं.

म्हणजे नाट्यासाठी उजेड कमी असून भागत नाही. तो एकाच ठिकाणाहून आला पाहिजे आणि भिंतींवरून उसळून सावल्यांत शिरता कामा नये. कारावाज्जोनं (मूळ नाव मिकेलान्जेलो मेरिसी, जन्म १५७१) नेमकं हेच केलं. त्याच्या समकालीन मान्चिनी नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलंय की कारावाज्जोच्या वळणाचे चित्रकार वरून येणाऱ्या एकाच उजेडात, काळ्या रंगवलेल्या खोलीत असावं तशा पद्धतीनं आकृती रंगवतात.

उजेड-सावलीच्या मदतीनं सपाट कापडावर गोलाई दाखवायची रीत जुनी होती. लिओनार्दोनं ती फार नाजूकपणे वापरली. तिला छायाप्रकाश म्हणू. कारावाज्जोनं त्यातली सावली वाढवत नेली आणि पार्श्वभूमीच गिळून टाकली. मागे डोंगर नाही, खांब नाहीत, आकाश नाही. जे उजेडात आलं तेवढंच अस्तित्वात आहे.

याला कामाच्या पद्धतीचीही साथ होती. कापडावर आधी गडद तपकिरी अस्तर द्यायचं. मग काळोख वेगळा रंगवावा लागत नाही, तो तिथं असतोच. चित्रकार त्यातून उजेडाचे भाग वर काढत जातो. कारावाज्जो समोर जिवंत माणसं बसवून थेट कापडावर रंगवायचा. त्यानं आधी केलेली स्वतंत्र रेखाटनं सापडलेली नाहीत. जागेवर खूण राहावी म्हणून ओल्या अस्तरावर टोकदार वस्तूनं ओरखडे मारलेले मात्र त्याच्या चित्रांत आढळतात.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढच्या सगळ्या विवेचनाला तिचा आधार आहे. काळोख डिफॉल्ट असेल, तर उजळलेली प्रत्येक जागा हा चित्रकाराचा निर्णय असतो. तेव्हा अशा चित्रासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा विचारावं : यानं उजेड कशावर खर्च केलाय?

४. कारावाज्जोची ज्युडिथ : उजेड पांढऱ्या कपड्यावर

कारावाज्जोनं ज्युडिथ रंगवली ती साधारण १५९९ च्या सुमारास, ओत्ताव्हियो कोस्ता या सावकारासाठी. चित्र आज रोममध्ये बार्बेरिनी राजवाड्यातल्या राष्ट्रीय संग्रहात आहे. १४५ सेंटिमीटर उंच, १९५ सेंटिमीटर रुंद. डावीकडे होलोफर्नीस, मध्याच्या जरा उजवीकडे ज्युडिथ, उजव्या कडेला सुरकुतलेली म्हातारी दासी. वर लाल पडदा. तलवार अर्धी गळ्यात गेलीय, होलोफर्नीसचं तोंड किंकाळीत उघडलंय.

रोममध्ये त्या काळी मुंडकं उडताना बघायला वेगळं कुठं जावं लागत नव्हतं. ११ सप्टेंबर १५९९ रोजी बेआत्रिचे चेंची या तरुण मुलीचा, छळ करणाऱ्या बापाच्या खुनाबद्दल, सांत आंजेलो पुलासमोर भर गर्दीत शिरच्छेद झाला. या घटनेचा चित्राशी संबंध असावा, असं काही अभ्यासक मानतात. होलोफर्नीसचा चेहरा पाहता ते अशक्य वाटत नाही. तो चेहरा नुसत्या कल्पनेतून आला असावा असं वाटत नाही.

आता उजेड बघा. सगळ्यात जास्त उजेड ज्युडिथच्या पांढऱ्या पोलक्यावर आणि तिच्या तरुण चेहऱ्यावर आहे. शेजारी म्हातारी मुद्दाम उभी केलीय. तिच्या सुरकुत्यांमुळे ज्युडिथची कांती आणखी तुकतुकीत दिसते. पांढरा कपडा म्हणजे निष्कलंकपणा, हे तेव्हाच्या कोणत्याही बघणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. म्हणजे उजेड ज्युडिथच्या पावित्र्यावर खर्च झालाय.

आणि शरीर? तिचे दोन्ही हात लांब पुढं केलेले आहेत. धड मागं झुकलंय. कपाळाला आठी, नाकाशी किळस. तलवार चालते आहे, पण तिच्यामागं शरीर नाही.

विळीवर मोठा तांबडा भोपळा ज्यांनी फोडलाय त्यांना इथं लगेच शंका येईल. हात ताठ लांब करून आणि अंग मागं ओढून भोपळा फुटत नाही. पाय पाटावर घट्ट रोवावा लागतो, खांदा पुढं येतो, वजन दंडातून मनगटात उतरतं. भोपळा फारच दांडगा निघाला तर दुसऱ्या कोणाला तरी तो धरायला बोलवावं लागतं. कारावाज्जोला हे माहीत नसेल असं नाही. भांडणं, तलवारी, पुढं स्वतःच्या हातून झालेला खून, या माणसाचं आयुष्य त्यातच गेलं. त्याला ज्युडिथचा जोर दाखवायचाच नव्हता. देव तिच्या हातून काम करवून घेतोय, ती स्वतः त्या कामापासून लांब, हे त्याला सांगायचं होतं. त्या दृष्टीनं चित्र अप्रतिम आहे. मला मात्र त्यातली म्हातारी नेहमी अडते. ती आत आलीय, हातात कापड धरून उभी आहे आणि काहीही करत नाही.

५. आर्तेमिझियाची ज्युडिथ : उजेड दंडांवर

आर्तेमिझियाचा जन्म ८ जुलै १५९३ चा, रोममधला. बाप ओरात्सिओ जेन्तिलेस्की स्वतः नावाजलेला चित्रकार आणि कारावाज्जोच्या ओळखीतला. आई ती बारा वर्षांची असताना गेली. बापाच्या चित्रशाळेतच ती रंग घोटायला आणि मग रंगवायला शिकली. हत्येचा हा क्षण तिनं दोनदा रंगवला. पहिलं चित्र साधारण १६१२-१३ चं, नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात. दुसरं, जास्त मोठं, १६२० च्या आसपासचं, उफित्सीतलं. आपण दुसऱ्यासमोर उभे आहोत.

बिछाना आपल्या दिशेनं आडवा येतो. होलोफर्नीसचं डोकं सगळ्यात पुढं, जवळजवळ आपल्या अंगावर. त्याच्या वर, मधोमध, दासी. ती म्हातारी नाही, ज्युडिथच्याच वयाची आहे. उजवीकडे पिवळ्या-सोनेरी कपड्यात ज्युडिथ. बाह्या कोपरावर सारलेल्या. डाव्या मुठीत त्याचे केस, आणि त्या मुठीनं डोकं गादीत रुतवून धरलेलं. उजव्या हातात उभी तलवार. तिचे हातही लांबच आहेत, पण ताठ आणि भरलेले, खांद्यापासून मनगटापर्यंत जोर वाहताना दिसतो. दासी वरून पूर्ण वजनानिशी त्याला दाबतेय. तो अजून मेलेला नाही. त्याची मूठ तिच्या हनुवटीखाली उठलीय, तिला मागं ढकलतेय.

बोटानं हवेत रेघा ओढून बघा. ज्युडिथचे दोन हात, दासीचे हात, होलोफर्नीसचा वर आलेला हात, सगळे त्या डोक्यापाशी येऊन मिळतात, चाकाचे आरे तुंब्यापाशी मिळावेत तसे. आणि डावीकडून येणारा उजेड नेमका या आऱ्यांवर पडतो. चेहरे त्या मानानं अर्धेच उजळलेत. उजेड कशावर खर्च झालाय, याचं उत्तर इथं हात असं आहे. हे काम किती जड आहे आणि ते कसं पार पडतं, ते या चित्रात कळतं.

ग्रंथातली दासी बाहेर थांबलेली असते, हे आठवा. आर्तेमिझियानं तिला आत घेतली आणि कामाला लावली. झोपलेला असला, प्यायलेला असला, तरी एवढा मोठा सेनापती एका बाईला आवरणार नाही. दोघी लागतील. इतका व्यवहारी विचार या गोष्टीबद्दल फार थोड्यांनी केला होता. नेपल्सच्या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत हातांच्या जागा बदलल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे हे गणित एका फटक्यात सुटलं नव्हतं. तिनं ते हात पुन्हा पुन्हा मांडून सोडवलं.

रक्ताचं काय? नेपल्सच्या चित्रात ते चादरीवरून ओघळतं. उफित्सीच्या चित्रात ते कारंज्यासारखं उडतं, थेंब कमानी करून खाली येतात, काही ज्युडिथच्या छातीवर आणि कपड्यावर पडतात. मधल्या काळात आर्तेमिझिया फ्लोरेन्सला आली होती आणि १६१६ मध्ये तिथल्या चित्रकला अकादमीत प्रवेश मिळालेली पहिली बाई ठरली होती. गॅलिलिओ १६१३ पासून त्याच अकादमीचा सदस्य होता आणि फेकलेली वस्तू कोणत्या वक्रानं खाली येते, हा तर त्याच्या खास अभ्यासाचा विषय. थेंबांच्या कमानी त्याच्याकडून आल्या असाव्यात, असं काही अभ्यासक सुचवतात. ते सिद्ध होणारं नाही. दोघांची ओळख होती हे नक्की, कारण १६३५ मध्ये तिनं त्याला पत्र लिहिलं आणि फ्लोरेन्सच्या ड्यूक कोझिमोला दिलेल्या ज्युडिथच्या चित्राचे पैसे त्याच्या मध्यस्थीमुळे मिळाले, याची आठवण त्यात काढली.

आणखी एक बारीक जागा. तलवारीच्या पात्यावर, रक्ताजवळ, तिनं आपली सही केलीय. ‘लोमी’ हे घराण्याचं मूळ फ्लोरेन्टाईन आडनाव लावून, हे आर्तेमिझियानं केलं असं लॅटिनमध्ये.

६. खटला

आता त्या सूडाच्या गोष्टीकडे येऊ. मे १६११ मध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकारानं आर्तेमिझियावर बलात्कार केला. तो ओरात्सिओचा सहकारी होता, घरात येणारा-जाणारा. पुढं लग्नाचं आश्वासन देत त्यानं संबंध चालू ठेवले. लग्न होत नाही हे कळल्यावर १६१२ मध्ये बापानं फिर्याद केली. सात महिने खटला चालला. त्याची कागदपत्रं रोमच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत.

तेव्हाच्या कायद्याच्या नजरेत गुन्हा होता कुमारिकेचं कौमार्य नष्ट करण्याचा, म्हणजे घराण्याच्या अब्रूचा. तिच्या इच्छेचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. तिची शारीरिक तपासणी झाली. जबानी खरी की खोटी हे ठरवायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून त्या आवळत नेल्या, तास्सीच्या समोर. चित्रकाराची बोटं होती ती. त्या यातनेत ती एकच सांगत राहिली, की आपण बोललो ते खरं आहे. तास्सी दोषी ठरला. त्याला रोममधून हद्दपार व्हायची शिक्षा मिळाली आणि ती कधी धड अमलात आली नाही.

जबानीत आणखी एक नाव येतं : तुत्सिया. आर्तेमिझियाच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारी, तिच्या सोबतीला असणारी बाई. त्या दिवशी आर्तेमिझियानं तिला हाक मारली होती. ती मदतीला आली नाही. यानंतर लगेचच्या चित्रात दासी आत येते आणि दोन्ही हातांनी मदत करते. हे दोन तपशील शेजारी ठेवल्यावर काहीच वाटू नये, असं मी म्हणणार नाही.

तरीही सूडाच्या उत्तरात एक मोठी अडचण आहे, आणि ती तारखेची आहे. आर्तेमिझियाचं सही-तारखेचं पहिलं चित्र आहे ‘सुझाना आणि म्हातारे’, १६१० चं, आज जर्मनीत पोमर्सफेल्डेनच्या वाड्यात. आंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन न्यायाधीश गाठतात, आमच्याशी संबंध ठेव नाहीतर बदनाम करू म्हणतात. इतर चित्रकारांची सुझाना पुष्कळदा लाजते, कधी चक्क मान वळवून हसते. आर्तेमिझियाची सुझाना दगडी बाकावर अंग पिळवटून, दोन्ही हात मध्ये आणून त्यांना दूर सारते, आणि ते दोघे तिच्या डोक्यावर ओणवे होऊन कुजबुजताहेत. सतरा वर्षांची मुलगी हे रंगवत होती. बलात्काराच्या आधीचं वर्ष आहे हे. बघायची ही नजर तास्सीनं दिलेली नाही.

७. मग बाईपण दिसतं कुठं?

एक पडताळा घेऊ. बाईनं काढल्यामुळेच ज्युडिथ अशी होत असेल, तर इतर बायकांच्या ज्युडिथही अशाच हव्यात. मिलानच्या फेदे गालीत्सियानं १५९६ मध्ये ज्युडिथ रंगवली. मोत्यांनी मढलेला भरजरी पोशाख, शांत चेहरा, मुंडकं तबकात. बोलोन्याच्या लाव्हिनिया फोन्तानाची ज्युडिथही अशीच, दागिने घातलेली आणि निवांत. रक्ताचं कारंजं नाही. या दोघीही उत्तम चित्रकार होत्या आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना पोशाखातली कलाकुसर हवी होती.

उलट बाजूनं बघू. दासी तरुण आणि बरोबरीची दाखवणं हे आर्तेमिझियाच्या बापानं तिच्या आधी केलं होतं. त्याचं एक चित्र ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दंडात बळ असलेली, प्रत्यक्ष गळा चिरणारी ज्युडिथ फ्लेमिश चित्रकार रुबेन्सनं काढली होती. मूळ चित्र हरवलं, पण १६१० च्या सुमाराचं त्याचं छापचित्र उरलंय, आणि आर्तेमिझियानं ते पाहिलं असावं असं मानतात.

म्हणजे कुंचल्याला लिंग नाही. तिची कितीतरी चित्रं पुढं बापाच्या किंवा इतर पुरुषांच्या नावावर खपली. उलट जिथं नाव माहीत होतं तिथं गोंधळ वेगळाच होता. रोबेर्तो लोंगी या थोर इटालियन समीक्षकानं १९१६ मध्ये बाप-लेकीवर लेख लिहिला आणि तिला विस्मृतीतून बाहेर काढलं, पण उफित्सीच्या ज्युडिथसमोर एक बाई हे सगळं रंगवूच कशी शकते याचं त्याला नवल वाटलं. चादरीवरचं रक्त एवढ्या थंडपणे रंगवणारी ही बाई त्याला भयंकर वाटली.

मला दिसतं ते असं. आर्तेमिझियासमोर सगळे मालमसाले होते : कारावाज्जोचा काळोख, बापाची तरुण दासी, रुबेन्सचे दंड. तिनं ते एका प्रश्नाभोवती जुळवले, की दोन बायकांना हे करायचं असेल तर त्या कसं करतील? हा प्रश्न ज्युडिथच्या जागी स्वतः उभं राहिल्याशिवाय पडत नाही. पुरुषाला तो पडूच शकत नाही असं नाही, पण तोवर पुरुषांनी ज्युडिथकडे बहुधा समोरून पाहिलं होतं. आर्तेमिझियानं तिच्या खांद्यामागून पाहिलं.

८. मेणबत्तीची ज्युडिथ

तिच्या या नजरेचा सगळ्यात सुंदर पुरावा मला रक्ताच्या चित्रात मिळत नाही. तो डेट्रॉइटच्या कला संग्रहालयात आहे, साधारण १६२३-२५ चं चित्र, ‘ज्युडिथ आणि तिची दासी’. हत्या होऊन गेलीय. दासी जमिनीवर गुडघे टेकून मुंडकं पिशवीत कोंबतेय. ज्युडिथच्या हातात अजून तलवार. अचानक बाहेर काहीतरी वाजलंय आणि दोघी थबकल्यात.

यापूर्वीच्या चित्रांत उजेड कुठून येतो ते दिसत नव्हतं. इथं टेबलावर जळती मेणबत्तीच ठेवलीय. ज्युडिथनं डावा हात उंचावून ज्योतीच्या आड धरलाय. ज्योत दिसू नये म्हणून, की आवाज करू नकोस अशी दासीला खूण म्हणून? दोन्ही वाचता येतं. त्या तळहाताची सावली तिच्याच चेहऱ्यावर पडलीय. गालाचा मोठा भाग काळा, आणि उरलेली उजेडाची कोर चंद्रकोरीसारखी. ही सावली भूमितीनं बरोबर आहे : ज्योत, तळहात, चेहरा एका रेषेत येतात. या चित्रात उजेड नुसता काही दाखवत नाही, तो धोकाही आहे. पहारेकऱ्याला तंबूत हालचाल दिसली तर दोघी मेल्या. म्हणून नायिका इथं स्वतःच्या हातानं चित्रातला उजेड आवरतेय. ग्रंथात हे कुठंच नाही. तंबूतून बाहेर कसं पडायचं, याचा विचार करणाऱ्या चित्रकाराला ते सुचलं.

९. आकृतीमागे शंभर

आर्तेमिझिया नंतर व्हेनिसला होती, १६३० पासून नेपल्समध्ये, मध्ये काही काळ बापाला मदत करायला लंडनच्या राजदरबारी. मेसिनाच्या डॉन आंतोनिओ रुफ्फो या सरदाराला तिनं लिहिलेली १६४९ ची पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत ज्युडिथ नाही, सूड नाही. धंदा आहे. फ्लोरेन्स, व्हेनिस, रोम, नेपल्स, सगळीकडे मला एका आकृतीमागे शंभर स्कुडी (तेव्हाची नाणी) मिळतात, असं ती लिहिते. रुफ्फो किंमत उतरवायला बघतो, ती ऐकत नाही. बाईचं नाव ऐकलं की काम समोर येईपर्यंत लोक शंका घेतात, हेही ती त्याला सांगून ठेवते.

आणि कच्चं रेखाटन आधी पाठवायला ती साफ नकार देते. एका बिशपला तिनं असं रेखाटन पाठवलं होतं. त्यानं पैसे वाचवायला ते दुसऱ्या चित्रकाराकडून रंगवून घेतलं. आपण पुरुष असतो तर हे घडलं नसतं, असं ती रुफ्फोला लिहिते, आणि पुढच्या ओळींत पुन्हा चित्राच्या किमतीवर येते.